दगड पडला तेव्हा इक्थिओसॉर तिथे नव्हताच : जीवाश्म दालनं उभारणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
निसर्गविज्ञान संग्रहालयांचे संचालक, दालनांची रचना ठरवणाऱ्या समित्या, आणि मुलांसाठी पुस्तकं व माहितीपट तयार करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

ज्या संग्रहालयात मी सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून मुलांना जीवाश्मांची माहिती सांगते, तिथलं सागरी सरीसृपांचं दालन नव्याने करायचं ठरलं आहे. पाट्यांचे मसुदे आणि भिंतीवरच्या चित्राचा आराखडा आम्हाला दाखवण्यात आला. आजवर तिथे ट्रायासिक, जुरासिक आणि क्रिटेशियस अशा एकामागून एक आलेल्या तीन कालखंडांच्या तीन खोल्या होत्या. आता मधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल होणार आहे आणि त्यात भिंतभर एकच चित्र असणार आहे. आकाशातून पेटता लघुग्रह कोसळतोय. खाली समुद्रात डॉल्फिनसारखा दिसणारा इक्थिओसॉर, लांब मानेचा प्लेसिओसॉर, त्याचाच आखूड मानेचा नातलग प्लायोसॉर, प्रचंड सरड्यासारखा मोसासॉर, अगदी शिंपले फोडून खाणारा चपट्या दातांचा प्लॅकोडॉन्टसुद्धा, सगळे माना वर करून त्या आगीकडे बघताहेत. दालनाचं नाव ठरलं आहे ‘समुद्री डायनासोरांचा शेवटचा दिवस’. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं, लोकांना एकच सरळ गोष्ट हवी असते, इतके बारकावे कोण बघतं?

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. हेच चित्र थोड्याफार फरकाने मुलांच्या पुस्तकांत आहे, माहितीपटांच्या जाहिरातींत आहे, खेळण्यांच्या खोक्यांवर आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड.

‘बारकावे’ म्हणजे नेमकं काय ते आधी बघू. इक्थिओसॉर नामशेष झाले सुमारे ९.४ कोटी वर्षांपूर्वी. लघुग्रह पडला ६.६ कोटी वर्षांपूर्वी. मधे २.८ कोटी वर्षं गेली. प्लॅकोडॉन्ट तर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच संपले होते. त्यांच्या शेवटापासून लघुग्रह पडेपर्यंत जेवढा काळ गेला, त्याच्या निम्माही काळ लघुग्रहापासून आजपर्यंत गेलेला नाही. याला बारकावा म्हणायचं असेल तर मग चूक कशाला म्हणायची?

यात माझा काय संबंध, असं कोणी विचारेल. चित्र तुम्ही लावता, पण त्याच्याखाली उभं राहून उत्तरं आम्हाला द्यावी लागतात. आमच्याकडे इक्थिओसॉरच्या डोळ्याभोवतीच्या हाडाच्या कड्याची एक प्रतिकृती आहे. हात लावायची परवानगी असलेली ती एकच वस्तू. कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या पातळ हाडांच्या चकत्या, आणि मधे मोकळी जागा. मुलं तिच्यात आधी एक मूठ घालून बघतात, मग दोन्ही. टेम्नोडोन्टोसॉरस नावाच्या इक्थिओसॉरचा डोळा २५ सेंटिमीटरहून रुंद होता असं सांगितलं की हाताने तेवढं माप हवेत धरून बघतात. आणि मग हमखास विचारतात, हा मासा नाही, तर पाण्यात कशाला गेला? या प्रश्नापुढे बाकी सगळे प्रश्न फिके आहेत. आणि नेमकं याचंच उत्तर तुमच्या नव्या दालनातून गायब होणार आहे.

पहिली तक्रार त्याबद्दलच आहे. तुम्ही या सगळ्यांना एका घरातलं करून टाकलंत. हे प्राणी एका घरातले नव्हते. जमिनीवरच्या वेगवेगळ्या सरीसृपांनी, वेगवेगळ्या काळात, आपापल्या वाटेने समुद्र गाठला. सागरी सरीसृपांच्या उत्क्रांतीतली सगळ्यांत थक्क करणारी बाब हीच, आणि ती एका वाक्यात सांगता येते. तरी मसुद्यातल्या एकाही पाटीवर ती नाही.

२५.२ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या आधीच्या पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, सायबेरियात ज्वालामुखींचे प्रचंड उद्रेक झाले आणि समुद्रातल्या बहुतेक प्रजाती नाहीशा झाल्या. त्या ओसाड समुद्रात जमिनीवरचे सरीसृप उतरले. (पाण्यात परतलेले ते पहिलेच होते असंही नाही. त्याआधी पर्मियनमध्ये मेसोसॉर नावाचे लहान जलचर सरीसृप होऊन गेले. त्यांचे जीवाश्म आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत दोन्हीकडे मिळाले आणि ही भूखंडं कधीकाळी जोडलेली होती या म्हणण्याला बळ मिळालं. त्यांनाही तुमच्या हॉलमध्ये कोपरा मिळालेला नाही.) चीनच्या आन्हुई प्रांतातल्या २४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात कार्टोरिंकस नावाचा एक लहानसा प्राणी मिळाला, २०१४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. इक्थिओसॉरांचा हा जवळचा नातलग. आखूड तोंड, मोठी आणि लवचिक वल्ही. संशोधकांच्या मते तो किनाऱ्यावर सरपटत येऊ शकत असावा. म्हणजे एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, अशा अवस्थेतला. असा जीवाश्म हाती असताना कुणी तो झाकून ठेवतं का?

आणि पुढचा वेग बघा. अमेरिकेत नेवाडातल्या डोंगरांत मिळालेला, २०२१ मध्ये नाव दिलेला सिम्बोस्पोंडिलस यंगोरम हा इक्थिओसॉर २४.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याची नुसती कवटीच जवळपास दोन मीटर लांब. एवढा प्रचंड आकार गाठायला देवमाशांच्या वंशाला यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला. पर्मियनच्या विनाशातून समुद्र जेमतेम सावरत होता, तेवढ्यात त्यात १७ मीटरचा शिकारी फिरायला लागला. त्याला पोसायला खाली किती मोठी अन्नसाखळी इतक्या लवकर उभी राहिली असेल! मला विचाराल तर भिंतभर चित्र काढायचंच असेल तर ते याचं काढा.

इक्थिओसॉर आणि डॉल्फिन शेजारी ठेवले की दोघं सारखे दिसतात. पण शेपटी बघा. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वरखाली हलते. इक्थिओसॉरची उभी होती, डावीउजवीकडे हलणारी. कारण सरड्यासारखे प्राणी चालताना पाठीचा कणा बाजूला वळवतात, तर धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा वरखाली वाकतो. जमिनीवरची चाल पाण्यात गेल्यावरही सुटली नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे दाखवलं की लगेच कळतं, तो स्वतः कंबर हलवून बघतो. उत्क्रांती समजावायला याहून चांगलं काही माझ्या हाती लागलेलं नाही. नव्या आराखड्यात मात्र तो डॉल्फिनचा सांगाडा ‘विषयाशी संबंध नाही’ म्हणून काढून टाकलाय.

चाओहुसॉरस या सुरुवातीच्या इक्थिओसॉरचा एक जीवाश्म तर बाळंत होतानाचा आहे. आईच्या पोटात एक पिल्लू आहे, दुसरं बाहेर येताना अडकलेलं आहे, आणि ते डोक्याकडून येतंय. पाण्यात जन्मणारी डॉल्फिनची पिल्लं सहसा शेपटीकडून येतात, जमिनीवरची डोक्याकडून. यावरून २०१४ मध्ये संशोधकांनी मांडलं की अंडी सोडून जिवंत पिल्लं देण्याची पद्धत या वंशात पाण्यात शिरण्याआधी, जमिनीवरच सुरू झाली असावी. तिकडे प्लेसिओसॉरांचं वेगळंच. अमेरिकेत कॅन्ससमध्ये मिळालेल्या पॉलिकोटायलस या प्लेसिओसॉरच्या पोटात एकच, पण आईच्या मानाने फार मोठं पिल्लू होतं. चारही पायांची सारखी वल्ही करून पाण्यात जवळजवळ उडणारे हे प्राणी, त्यांच्यासारखं पोहणारं आज कोणी नाही. मोसासॉर आले सर्वांत शेवटी, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, घोरपडी आणि साप यांच्या गोतावळ्यातून. इक्थिओसॉरांची सद्दी संपत आली तेव्हा यांची कुठे सुरुवात होत होती. दोघांना एका चित्रात घालायचं तर फार थोड्या काळाची फट सापडेल, आणि तेव्हाचे मोसासॉर तुम्ही रंगवलेत तसे अगडबंब नव्हते.

यातला कोणीही डायनासोर नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नावात डायनासोर घातला की तिकिटं खपतात, एवढाच तो बादरायण संबंध. याचा इतिहास मात्र गमतीचा आहे. २० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या एकाच बैठकीत प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा मांडला गेला आणि जमिनीवरच्या मेगॅलोसॉरसचं नावही जाहीर झालं. पुढे १८४२ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी डायनासोर हा गट केला. त्यात मेगॅलोसॉरस घेतला, प्लेसिओसॉर घेतला नाही. सागरी सरीसृपांवर त्यांनी आधीच वेगळा अहवाल लिहिला होता. ज्याने गट केला त्यानेच ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांना तुम्ही पावणेदोनशे वर्षांनी आत ढकलताय. कंबरेच्या आणि पायांच्या हाडांचा फरक लहान मुलंही ओळखतात. डायनासोरांचे पाय धडाच्या खाली सरळ उभे. पक्षी हे डायनासोरांचे वंशज आहेत. तेव्हा खिडकीवर येऊन बसणारी चिमणी डायनासोरांच्या जितकी जवळची, तितका मोसासॉर नव्हे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तुम्ही सगळ्यांना एकाच दिवशी मारता.

पहिला मोठा घाव ट्रायासिकच्या अखेरीस बसला, सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी. सगळी भूखंडं जोडलेली होती ती फाटायला लागली, आज अटलांटिक आहे त्याच्या दोन्ही काठांच्या प्रदेशांत लाव्हा पसरला, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, समुद्राचं रसायन बिघडलं. प्लॅकोडॉन्ट गेले. महाकाय इक्थिओसॉर गेले. २०२४ मध्ये ज्याला इक्थिओटायटन नाव मिळालं, तो याच्या थोडाच आधीचा. दोन मीटरहून लांब असलेल्या जबड्याच्या एका हाडावरून त्याची लांबी सुमारे २५ मीटर असावी असा अंदाज आहे. एवढा मोठा सागरी सरीसृप त्यानंतरच्या खडकांत मिळालेला नाही. जुरासिकमध्ये जे आपल्याला दिसतात ते या तडाख्यातून निसटलेल्या मोजक्या वंशांचे वारस. जर्मनीतल्या होल्त्समाडनच्या काळ्या दगडात त्वचेच्या कडांसकट जपले गेलेले सुबक इक्थिओसॉर या वारसांपैकीच. २०१८ मध्ये तिथल्या स्टेनॉप्टेरिजियस नावाच्या इक्थिओसॉरच्या त्वचेखाली चरबीच्या थराचे अवशेष ओळखले गेले आणि तो उष्ण रक्ताचा असावा या मताला आधार मिळाला. आपल्या कच्छमध्ये लोडाईजवळ मिळालेला आणि २०१७ मध्ये जाहीर झालेला साडेपाच मीटरचा इक्थिओसॉरही जुरासिकचाच.

मग खरं गूढ येतं. इक्थिओसॉर क्रिटेशियसच्या मध्यात का संपले? तेव्हा आकाशातून काहीही पडलं नाही. पूर्वी सांगायचे की ते आधीच क्षीण झाले होते, किंवा मोसासॉरांनी त्यांना हुसकून लावलं. दुसरं कारण काळाच्या हिशेबातच बसत नाही, ते वर आलंच आहे. पहिलंही आता टिकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासाने दाखवलं की शेवटच्या पर्वातही इक्थिओसॉरांमध्ये बरंच वैविध्य होतं, ते दोन टप्प्यांत संपले, आणि त्या काळात हवामान फार अस्थिर होतं, तर त्यांच्यात नवे बदल होण्याचा वेग मंदावलेला होता. दुसरा टप्पा ज्या सुमारास आला त्या सुमारास समुद्र तापलेले होते आणि खोल पाण्यातला प्राणवायू मोठ्या प्रदेशात संपत आला होता. त्याची खूण जगभरच्या खडकांत काळ्या शेलच्या, म्हणजे गाळापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाच्या, थरांच्या रूपात आहे. तो थर हाताने चोळला तर बोटं काळी होतात, कारण न कुजलेला सेंद्रिय गाळ त्यात तसाच गाडला गेलाय. यातली कोणती कडी नेमकी कुठे जोडायची यावर संशोधकांत वाद चालू आहेत. तो वादच पाटीवर लिहा ना. ‘हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही’ असं वाचून मुलं कंटाळत नाहीत, उलट तिथेच थांबतात.

आणि हे लपवण्याने काय जातं तेही सांगते. लघुग्रहाच्या गोष्टीत मरण बाहेरून येतं, त्यात कोणाचं काही चालत नाही. इक्थिओसॉरांच्या गोष्टीत तापलेलं पाणी आहे आणि कमी होत गेलेला प्राणवायू आहे. आजच्या समुद्राचं मोजमाप घेणारे लोक याच दोन गोष्टी मोजताहेत. लघुग्रहाची आणि इक्थिओसॉरांची, या दोन कहाण्यांपैकी मुलांना कोणती सांगायची, हे ठरवताना ‘सोपी कोणती’ एवढाच निकष लावणं मला पटत नाही.

शिवाय काही वंश कसलाही धमाका न होता गेले. सागरी मगरी, म्हणजे अंगावरचं कवच टाकून शेपटीला माशासारखा पंख आलेल्या, क्रिटेशियसच्या सुरुवातीच्या पर्वातच नाहीशा झाल्या. प्लायोसॉर इक्थिओसॉरांच्या मागोमाग, फार उशीर न करता गेले.

उरला लघुग्रह. त्याचं श्रेय मी नाकारत नाही. मेक्सिकोतल्या युकातानमधलं चिक्शुलूबचं विवर, म्हणजे त्या आघाताचा खड्डा, सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेक शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह इरिडियमच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ पण लघुग्रहांत भरपूर असलेल्या धातूच्या, थराचा पुरावा मांडला, आणि आज त्या घटनेबद्दल फारशी शंका उरलेली नाही. पण समुद्रात ती घटना कशी पोचली ते तरी नीट दाखवा. मोसासॉर आगीच्या गोळ्याकडे बघत मेले नाहीत. धूळ, काजळी आणि गंधकाच्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांचं अन्न तयार करणं थांबलं, त्यांच्यावर जगणारे उपाशी राहिले, मग त्यांच्यावर जगणारे. गुंडाळलेल्या शंखाचे अमोनाइट गेले, मोसासॉर आणि उरलेले प्लेसिओसॉर गेले. समुद्री कासवं मात्र टिकली, मगरींचे काही वंशही टिकले. थोडक्या अन्नावर दीर्घकाळ तग धरता येणं त्यांच्या कामी आलं असावं. कासव जगलं आणि मोसासॉर का नाही, हा प्रश्न तुमच्या चित्रात विचारताच येत नाही, कारण चित्रात कासवच नाही.

एक गोष्ट तर अक्षरशः हातची घालवताय. एखादा प्राणी पृथ्वीवरून कायमचा नाहीसा होऊ शकतो ही कल्पनाच माणसाला पटवण्यात मोसासॉरचा मोठा वाटा आहे. अठराव्या शतकात आजच्या नेदरलँड्समधल्या मास्ट्रिश्टजवळच्या चुनखडीच्या खाणींत मोठाल्या कवट्या मिळाल्या. कोणी मगर म्हणालं, कोणी देवमासा. १७९४ मध्ये शहर फ्रेंच सैन्याच्या हाती आलं आणि त्यातली एक कवटी पॅरिसला गेली. डच शास्त्रज्ञ अॅड्रियन कॅम्पर यांनी ती सरड्याच्या जातीची असल्याचं ओळखलं, फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युविए यांनी दुजोरा दिला. असा सरडा जगात कुठेच जिवंत नाही, मग तो गेला कुठे? आज नामशेष हा शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा तो धक्का होता. संग्रहालयाला याहून वेगळी ‘एकच सरळ गोष्ट’ कशाला हवी?

तिसरी तक्रार जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अॅनिंगबद्दल. मसुद्यात तिच्यासाठी अडीच ओळी आहेत, ‘किनाऱ्यावर शिंपले वेचणारी गरीब मुलगी’ अशा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रिजिसच्या ढासळत्या कड्यांखाली तिच्या भावाला १८११ मध्ये इक्थिओसॉरची कवटी मिळाली आणि पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा तिने शोधला, तेव्हा ती लहान होती खरी. पण १८२३ मध्ये प्लेसिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा तिने काढला, तेव्हा ती या विषयातली जाणकार होती. मान इतकी लांब बघून क्युविएंना तो बनावट वाटला होता, नंतर त्यांनी माघार घेतली. १८२४ च्या त्या बैठकीत भूशास्त्रज्ञ विल्यम कॉनिबेअर यांनी तो मांडला तो तिचं नाव न घेता. पोटाच्या जागी मिळणारे ते विचित्र गोळे म्हणजे या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे, हे समजण्यातही तिच्या निरीक्षणांचा हात होता. १८४७ मध्ये ती गेली. लंडनच्या त्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिलं १९१९ मध्ये. याउलट इक्थिओटायटनचं हाड ओळखण्यात अकरा वर्षांच्या एका मुलीचा आणि तिच्या वडिलांचा वाटा होता, आणि दोघांची नावं शोधनिबंधाच्या लेखकांत आहेत. हे दोन प्रसंग एकाखाली एक लिहा, वेगळी टिप्पणी लागणार नाही.

चौथी, प्लास्टरबद्दल. सांगाड्यातलं कोणतं हाड खरं आणि कोणतं साच्यातून काढलेलं, हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे. नव्या आराखड्यात सगळं एकाच रंगात रंगवायचं आहे, ‘दिसायला बरं’ म्हणून. प्रतिकृतींना मी कमी लेखत नाही. विज्ञानापुढे आलेला पहिला जवळजवळ संपूर्ण इक्थिओसॉर १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला, आणि त्याच्या विस्मरणात गेलेल्या प्रतिकृती २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या संग्रहांत ओळखल्या गेल्या. प्रतिकृती नसत्या तर त्याच्याबद्दल आज फक्त जुनं चित्र उरलं असतं. पण त्या कपाटात ‘प्रतिकृती’ म्हणून ठेवल्या होत्या, म्हणूनच उपयोगी पडल्या.

बाकी किरकोळ. प्लेसिओसॉरची मान हंसासारखी पाण्याबाहेर उभी काढू नका, ते मणके तसे वाकत नाहीत. प्रत्येक प्राण्याचा जबडा उघडा आणि रक्ताळलेला नको. आणि चूक छापली गेलीच तर १८६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ एडवर्ड कोप यांनी काय केलं ते आठवा. एलास्मोसॉरस या लांब मानेच्या प्लेसिओसॉरचं डोकं त्यांनी शेपटीच्या टोकाला लावलं होतं. लक्षात आल्यावर छापलेल्या प्रती विकत घेऊन परत मिळवायची त्यांनी धडपड केली. निदान त्यांना लाज तरी वाटली.

तुमची अडचण मला कळते. जागा कमी, पैसा कमी, आणि माणूस एका पाटीपुढे फार वेळ थांबत नाही. पण तीन खोल्या पाडून एक हॉल करायला पैसा लागतोच आहे. आणि ‘लोकांना कळणार नाही’ हे लोकांना न विचारता ठरवलेलं असतं. कवटीतली भोकं मोजून वंश ओळखायला मुलं अर्ध्या तासात शिकतात, हे मी दर सुट्टीला बघते. मोठ्यांना थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

तेव्हा मागण्या अशा.

दालनाच्या आणि पुस्तकाच्या नावातून सागरी सरीसृपांना डायनासोर म्हणणं बंद करा. प्रत्येक प्राण्याशेजारी तो कधी होता आणि त्याचा वंश कधी संपला, हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत द्या. बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचलं जातं.

वेगवेगळ्या काळातले प्राणी एका चित्रात घालू नका. घालायचेच असतील तर तीन चित्रं करा : २०.१ कोटी, ९.४ कोटी आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. भिंत तीच पुरेल.

डॉल्फिनचा सांगाडा परत ठेवा, इक्थिओसॉरच्या शेजारी, दोघांच्या शेपट्या दिसतील असा. शेवटच्या चित्रात कासव आणि मगर हवीत.

खरं हाड आणि प्लास्टर वेगळ्या रंगात ठेवा. जीवाश्म कोणी शोधला, कोणी खणला, कोणी साफ केला, ही नावं ज्याने नामकरण केलं त्याच्या नावाइतक्याच आकारात लिहा. नाव ठाऊक नसेल तर तसं लिहा.

पाटी अंतिम करण्याआधी त्या विषयावर काम करणाऱ्या निदान एका संशोधकाकडून तपासून घ्या, आणि तपासणाऱ्याचं नाव पाटीखाली टाका. सजावटकाराचं टाकता, तसंच.

आणि हरकत घेतली की तिला कारणांसह लेखी उत्तर द्या. ‘कोण बघतं’ हे उत्तर नाही. माझ्या हरकतीवरचं तुमचं उत्तर आणि हे पत्र दोन्ही दालनाच्या दाराशी लावायची माझी तयारी आहे, तुमचीही असावी. मसुदा बदलायला बसणार असाल तर कळवा, मजकूर छाटायला मी येईन. शब्द कमी करता येतात, कोटी वर्षं कमी करू नका.

आपली,
दालनातली एक स्वयंसेवक